मोटारीचा काटा खरा कसा करावा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "मोटारीचा काटा" असे कळवले. त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी पद्धत यांवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी, आणि ती काही गैर नव्हती. परंतु त्या विषयांवर आम्ही गेटावर वर्षभर बोलतच असतो. या व्यासपीठावर विद्वान मंडळी वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व काही बोलून गेली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सगळे गॅरेजमधल्या यंत्रांच्या पुस्तकांवर झाले. इंग्रजीही आम्ही त्या पुस्तकांतच शिकलो. म्हणून जी वस्तू आम्ही हाताने उघडून पाहिली आहे तिच्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरवले.

काटा म्हणजे चालकाच्या समोर असतो तो वेग दाखवणारा काटा, स्पीडोमीटरचा. तो खोटे बोलू लागला तर काय करावयाचे, एवढाच आजचा विषय. उदाहरण मात्र सातासमुद्रापलीकडचे घेतले आहे. इंग्लंडातील एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे.

एम.जी.बी. या नावाची ही गाडी. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचे. गाडी १९६२ साली निघाली आणि १९८० पर्यंत ॲबिंग्डन या लहानशा गावातल्या कारखान्यात तयार होत राहिली. पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. या कारखान्याची एक हकीकत विषयाला सोडून आहे, पण आमच्यासारख्याला ती गाळून पुढे जाता येत नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनला कारखान्याच्या पन्नास वर्षांचा उत्सव झाला. मिरवणूक निघाली, बँड वाजले. आणि उत्सवाचा मांडव उतरतो न उतरतो तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. कामगार आणि गाडीचे चाहते लंडनच्या रस्त्यावर मोर्चाने गेले. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी निघाली. असो. माणसे घरी गेली, गाड्या मात्र अजून चालत आहेत, आणि त्या चालत्या ठेवण्यावर इंग्लंडात आजही पुष्कळ कारागिरांची चूल पेटते.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर ते मुलीकडे बर्मिंगहॅमला राहतात. हात स्वस्थ बसत नाहीत. शेजारी एक गोरा गृहस्थ राहतो, धंद्याने बसचा चालक. त्याने पै पै साठवून एक जुनी एम.जी.बी. घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात मनाजोगते बदल करून ठेवले होते. मूळचा चार गिअरांचा गिअरबॉक्स काढून फोर्डच्या सिएरा गाडीचा पाच गिअरांचा बसवला होता, आणि चाकांना रुंद पण बुटके टायर चढवले होते. गाडी पळत होती झकास. एक दिवस पोस्टाने नोटीस आली: ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर आपण ताशी ३५ मैल वेगाने जात होता. शेजारी शपथेवर सांगू लागला, की काटा तीसच्या रेषेवर होता. आणि तो खरे बोलत होता.

आता आपल्याकडे गुण मिळाले की पेढे वाटतात. तिथे परवान्यावर जे गुण चढतात ते दोषाचे. अशा गुन्ह्याला कमीत कमी १०० पौंड दंड आणि ३ गुण. तीन वर्षांत १२ गुण झाले की सामान्यतः परवानाच जातो. गुण रविवारच्या हौसेच्या गाडीवर मिळाले की सोमवारच्या बसवर, हे कोणी विचारत नाही, कारण परवाना एकच. मीटर कमी दाखवत होते ही सबब कायद्यात चालत नाही. म्हणजे बसचालकाच्या भाकरीवर त्या काट्याचे सरळ सरळ वजन होते. आमच्या सहकाऱ्याने आम्हांला मोबाइलवर छायाचित्रे पाठवली, आणि त्यानंतर महिनाभर आमचा काथ्याकूट चालला.

प्रथम हा काटा हलतो कशाने ते पाहू. ही युक्ती ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाची. पेटंट १९०२ सालचे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक बारीक दंतचक्र असते. ते एक केबल फिरवते. केबल म्हणजे पोलादी तारांची पिळून केलेली दोरी, बाहेरून नळीचे आवरण. ती थेट मीटरपर्यंत येते आणि मीटरमधील एक लोहचुंबक फिरवते. या चुंबकाला वेढून ॲल्युमिनियमची एक वाटी असते. वाटी चुंबकाला कुठेही टेकत नाही. वाटीच्या दांड्यावर काटा बसवलेला, आणि दांड्याला केसासारखी बारीक कमान.

येथे आमच्या अभ्यासवर्गातला एखादा पोरगा हटकून हात वर करतो: "भाऊ, ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, मग वाटी फिरते कशी?" शंका रास्त आहे. म्हणून आम्ही तांब्याच्या नळीचा हा वीतभर तुकडा आणि एक छोटे चुंबक बरोबर आणले आहे. तांब्यालाही चुंबक चिकटत नाही, हे पाहा. आता चुंबक नळीत वरून सोडतो. दगड असता तर टपकन पडला असता. हे मात्र अडखळत, रेंगाळत खाली येते आहे. चुंबक हलले की धातूच्या अंगात विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरे चुंबकाला अडवतात. मीटरमध्ये चुंबक फिरते, म्हणून ते भोवरे वाटीला आपल्याबरोबर खेचू पाहतात. जितके चुंबक जलद, तितकी खेच जास्त. कमान उलट ओढते. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे काटा थांबतो. इतके साधे, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेले.

त्याच केबलवर आणखी एक चाकर जगतो, तो म्हणजे अंतर मोजणारा आकड्यांचा डबा. त्याला चुंबकाशी किंवा कमानीशी कर्तव्य नाही. तो दातांच्या चाकांनी केबलचे फेरे मोजतो आणि आकडा पुढे सरकवतो.

हा फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण रोगाचे निदान यातच आहे. अंतर बरोबर येते पण वेग चुकीचा दिसतो, तर दोष मीटरच्या पोटात. चुंबक जुने होऊन क्षीण झाले तर काटा कमी दाखवील, कमान सैल पडली तर जास्त. अंतर आणि वेग दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर निर्दोष आहे. त्याच्याकडे येणारे फेरेच चुकीचे आहेत. आणि काटा थरथरत असेल तर केबल सुकली आहे, मुडपली आहे, किंवा गिअरबॉक्सचे तेल तिच्या पिळांतून वर चढत मीटरमध्ये शिरले आहे. पिळाची दोरी फिरताना तेल कसे चढवते हे ज्याने शेतात स्क्रूचा पंप पाहिला आहे त्याला सांगावयास नको. म्हणूनच जुन्या कारखान्यांच्या पुस्तकांत ताकीद आहे, की केबलला ग्रीस लावावे, पण वरचे आठ इंच पुसून कोरडे ठेवावेत. आणि केबल कुठेही सहा इंचांपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. मीटरवाल्याकडे धावण्यापूर्वी एवढे पाहिले तर निम्मे मीटर उघडावेच लागत नाहीत.

बर्मिंगहॅमच्या गाडीत काटा स्थिर होता. मोबाइलवरचा नकाशा लावून सात मैल गेले, तर मीटरने सहाच मोजले. वेगही त्याच प्रमाणात कमी. आमच्या सहकाऱ्याचा फोन आला, "भाऊ, मीटरला काही झालेले नाही. मीटर एका गाडीचे आणि केबल फिरवणारा दुसऱ्याच गाडीचा. दोघांची भाषाच जुळत नाही!"

ही भाषा कोणती ते मीटरवर लिहिलेले असते. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांवर स्मिथ्स कंपनीचे मीटर असे. मूळचे हे लंडनचे घड्याळवाले. त्यांच्या तबकडीच्या तळाशी बारीक छापलेला एक आकडा असतो, आणि मालक आयुष्यभर गाडी चालवूनही तो वाचत नाही. या गाडीच्या मीटरवर १२८० होता. त्याचा अर्थ असा, की केबलचे १२८० फेरे झाले की हे मीटर एक मैल झाला असे मानणार. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. तेव्हा मिनिटाला १२८० फेरे मिळाले की काटा साठावर उभा राहील. मग ते फेरे मोटारीने दिले काय किंवा तुम्ही ड्रिल मशीनने दिले काय, मीटरला त्याचे सोयरसुतक नाही.

आता ही गाडी एका मैलात प्रत्यक्षात किती फेरे देते ते काढावयाचे. त्याची रीत जुनी आहे आणि तिला खडू, फूटपट्टी आणि दोन धडधाकट माणसे पुरतात. टायरांत हवा बरोबर भरावी. मीटरच्या टोकाला केबल सोडवावी आणि आतल्या दोरीच्या टोकावर पुठ्ठ्याचा एक बाण खोचावा. मागच्या चाकावर आणि खाली जमिनीवर खडूची खूण करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून नाकासमोर सरळ ढकलावी, मागचे चाक बरोबर सहा फेरे होईपर्यंत. तेवढ्यात पुठ्ठ्याचा बाण किती वेळा फिरला ते मोजावे, पाव-अर्ध्या फेऱ्यासकट. काही शहाणे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवतात. तसे करू नये. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असते, मधली दंतचक्रे अर्धेच फेरे पुढे देतात आणि उत्तर निम्म्याने चुकते. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंचीही गाडी स्वतःच्या वजनाने उभी असताना मोजावी. टायरच्या अंगावर छापलेल्या मापावरून काढू नये.

मग १६८० या आकड्याला बाणाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि इंचांतल्या उंचीने भागावे. हा १६८० आला कुठून? अभ्यासवर्गात आम्ही हे फळ्यावर मांडून दाखवतो, कारण तयार सूत्र तोंडपाठ करणाऱ्या कामगाराला साहेब केव्हाही गप्प करू शकतो. मैलाचे इंच ६३,३६०. चाकाचा घेर उंचीच्या सुमारे ६.२८ पट, सहा फेऱ्यांचा ३७.७ पट. त्रेसष्ट हजार तीनशे साठला ३७.७ने भागा, १६८० येतात. झाले.

शेजारी, त्याचा मेहुणा आणि आमचे सहकारी अशा तिघांनी मिळून गाडी ढकलली, सुमारे छत्तीस फूट. बाण साडेसात वेळा फिरला. उंची साडेअकरा इंच भरली. १६८० गुणिले साडेसात भागिले साडेअकरा: १०९६. मीटर मैलाला १२८० फेरे मागत होते, गाडी देत होती १०९६. म्हणजे खऱ्या सातांतले जेमतेम सहा काट्यावर दिसत होते. तीस दिसताना खरे पस्तीस. नोटीस अक्षरशः बरोबर होती. यातही एक गंमत आहे. बुटक्या टायरांमुळे मैलाला चाकाचे फेरे वाढले होते, त्याने काटा थोडा जास्त दाखवावयास हवा होता. नव्या गिअरबॉक्सने फेरे त्याहून कितीतरी कमी केले. दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढत होत्या, आणि जी मोठी होती ती जिंकली.

आता उपाय. पहिला उपाय प्रत्येक गल्लीत मिळतो: काच काढावी, काटा उपटावा आणि थोडा पुढे सरकवून पुन्हा ठोकावा. हा उपाय करणाऱ्याच्या हातून आम्ही पक्कडसुद्धा काढून घेऊ. चूक प्रमाणाची आहे, आणि हा माणूस तिच्यावर बेरीज लावतो. काटा पाच मैल पुढे सरकवला तर पस्तीसला पस्तीस दिसतील हे खरे. पण खऱ्या सत्तरला जिथे साठ दिसत होते तिथे आता पासष्ट दिसतील, आणि गाडी उभी असताना काटा पाचावर बसून राहील. अंतराचा डबा तर पूर्वीसारखाच खोटे मोजत राहणार.

खरे उपाय तीन. मीटर जाणत्या कारागिराकडे देऊन त्याच्या आतली दंतचक्रे बदलून घ्यावीत आणि चुंबकाची ताकद नव्या आकड्याला जुळवून घ्यावी. हे उत्तम, पण खर्चाचे. गिअरबॉक्समधले केबल फिरवणारे बारीक दंतचक्र कमी-जास्त दातांचे मिळत असेल तर ते बदलावे. स्वस्त, पण दातांच्या हिशेबात मिळेल तेवढ्यावर भागवावे लागते. तिसरा उपाय म्हणजे केबलच्या वाटेत काडेपेटीएवढी दंतचक्रांची पेटी बसवायची. १२८०ला १०९६ने भागले तर १.१६८ येतात, आणि सात भागिले सहा १.१६७. सहा फेरे आत घेऊन सात बाहेर देणारी पेटी मिळाली की काम झाले. फक्त ती फिरण्याची दिशा उलटी करणारी नसावी, नाहीतर काटा शून्याच्या खुंटीला धडका देत बसेल. आमच्या सहकाऱ्याने हाच मार्ग घेतला. इलेक्ट्रॉनिक मीटर बसवून मोकळे व्हा असे सांगणारेही भेटले. त्यांचे म्हणणे खोटे नाही; परंतु पन्नास वर्षे चाललेली वस्तू एका दंतचक्राने सुधारत असताना ती भंगारात काढावी हे आम्हांला पटत नाही.

पेटी बसल्यावर पडताळा. इंग्लंडातील मोटारमार्गांच्या कडेला दर १०० मीटरला एक खुंट असतो. शेजाऱ्याने मीटरवर ६० धरून ठेवले आणि आमच्या सहकाऱ्याने दहा खुंटांचा वेळ मोजला. ताशी ६० मैलांना किलोमीटर ३७ सेकंदांहून किंचित जास्त घेतो. पूर्वी हेच अंतर ३२ सेकंदांत सरे. आता घड्याळात ३७ आले, पुन्हा मोजले तरी ३७. आपल्या हमरस्त्यांवर किलोमीटरचे आणि २०० मीटरचे दगड असतात. हीच परीक्षा आपणांपैकी कोणीही करू शकतो. मात्र सेकंद मोजणारा चालकाच्या शेजारी बसलेला असावा. चालकाने घड्याळ पाहू नये!

काही श्रोते म्हणतील, आमच्या नव्या गाडीचे मीटर मोबाइलपेक्षा चार-पाच किलोमीटर जास्त दाखवते, तेही बिघडले काय? नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम असा आहे, की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तरी खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, एवढ्याच मर्यादेत. खऱ्या १०० ला ११४ पर्यंत चालते. म्हणून कारखानदार सुरुवातीपासूनच काटा जरा पुढे ठेवतात.

हे सगळे परदेशातील हौशी माणसाचे कौतुक आपण का ऐकावे, असा कोणाचा प्रश्न असेल तर आमच्याकडे १९९७ सालची एक हकीकत आहे. एका माल वाहतूक कंपनीत (नाव घेत नाही) ट्रकांचे ९.००-२० मापाचे टायर झिजले तसे मालकाने १०.००-२० मापाचे चढवले. माल जास्त भरता यावा हा हेतू. टायर घेराने साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोठे. मीटरची केबल मात्र जुन्याच हिशेबाने फिरत राहिली, म्हणजे ट्रक धावला ३००० किलोमीटर तर मीटरवर २९०० च. लिटरला चार किलोमीटर असा कंपनीचा दंडक होता. ट्रकने ७५० लिटर प्यायले, कागदावर ७२५ लागावयास हवे होते. राहिलेले पंचवीस लिटर चालकाने चोरले असे ठरले आणि ते त्याच्या पगारातून कापू लागले. दर महिन्याला, आणि जवळजवळ प्रत्येक चालकाकडून. व्यवस्थापकाचे म्हणणे असे, की इतके सगळे आकडे खोटे कसे असतील? सगळेच्या सगळे एकाच मापाने चुकत होते, यातच त्याचे उत्तर होते.

आम्ही भाषण केले नाही. व्यवस्थापकालाच ट्रकमध्ये बसवले आणि पुणे-नाशिक रस्त्यावर दगड मोजत वीस किलोमीटर नेले. मीटरवर १९.३ आले. परतीच्या वाटेवरही तेवढेच. त्याने टायरवरचे माप स्वतः उतरून वाचले. कपात थांबली, आणि कापलेले पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले. दोन चालकांनी मात्र तोवर नोकरी सोडली होती. चोर म्हणवून घेऊन ते थांबले नाहीत. त्यांचे पैसे पोहोचवायला आम्ही संगमनेरला गेलो. एकाने घेतले, दुसऱ्याने घेतले नाहीत.

रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचे मीटरही याच तत्त्वावर, चाकाच्या फेऱ्यांवरच चालते. तिथे टायर लहान झाला तर प्रवासी बुडतो आणि मोठा झाला तर चालक. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत भाडेवाढ झाली आणि सगळी मीटरे नव्या दराला जुळवून घ्यावी लागली. त्या तपासणीला कंटाळणाऱ्या आमच्याच सभासदांना आम्ही सांगत असतो, की बाबांनो, हा शिक्का तुमच्याही बाजूने साक्ष देतो.

आता बर्मिंगहॅमचे एक काम राहिले. काटा दुरुस्त झाला, पण अंतराचा जुना आकडा? गिअरबॉक्स बसवल्यापासून मीटरने ६००० मैल मोजले होते. गाडी चालली होती ७०००. शेजारी म्हणाला, आकडा हजाराने पुढे फिरवून टाकू. आमच्या सहकाऱ्याने मोडता घातला. हेतू कितीही चांगला असला तरी आकड्यांचा डबा हाताने फिरवलेली गाडी उद्या कोणी विश्वासाने घेणार नाही. त्यांनी गाडीच्या वहीत नोंद करवली: अमुक तारखेस, मीटरवर अमुक आकडा असता, सहास सात अशी पेटी बसवली, त्यापूर्वीच्या ६००० मैलांत सुमारे १००० मैल कमी मोजले गेले आहेत. खाली शेजाऱ्याने सही केली. नोटिशीचा दंड त्याने भरला, तीन गुण परवान्यावर आहेत, आणि बस तो अजून चालवतो आहे.

केबलचा एक तुकडा आणि उघडलेले एक जुने मीटर येथे टेबलावर ठेवले आहे. ज्यांना हातात घेऊन पाहावयाचे असेल त्यांनी जरूर पुढे यावे. केबलला ग्रीस आहे, तेवढे कपडे सांभाळावेत.